फीजी जलपरी

वरचा भाग मानवसदृश व खालचा भाग माशाचा असलेला, वाळवून परिरक्षित केलेला एक नमुना. एकोणिसाव्या शतकात प्रथम लंडनमध्ये व पुढे अमेरिकेत तो खरी जलपरी म्हणून पैसे घेऊन दाखविण्यात आला. हा नमुना कृत्रिम होता. तथापि त्याच्या नावावरून अशा प्रकारच्या सर्वच परिरक्षित वस्तूंना ‘फीजी जलपरी’ म्हणण्याचा प्रघात पडला. फीजी बेटांशी मूळ नमुन्याचा काहीही संबंध नव्हता. ते नाव केवळ जाहिरातीसाठी देण्यात आले होते. या प्रकारचे नमुने आजही अनेक संग्रहालयांत व जपानमधील काही मंदिरांत पाहावयास मिळतात. दिसावयास विलक्षण असलेला एखादा प्राणी खरा की बनावट हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाचा विचार करताना फीजी जलपरीचे उदाहरण विशेष उद्‌बोधक ठरते.

वर्णन : चित्रांतून व कथांतून दिसणारी लांब केसांची, सुंदर जलपरी व काचेच्या पेटीतील नमुना यांत कोणतेही साम्य नव्हते. मूळ नमुना सु. ८५ ते ९० सेंमी. लांबीचा, काळपट, सुरकुतलेला व कुरूप होता. तोंड उघडे, दात विचकलेले, हात चेहऱ्याजवळ नेलेले व एकूण मुद्रा वेदनेने पिळवटल्यासारखी होती. छातीखाली कातडी संपून माशाचे खवले सुरू होत. हे दोन भाग इतक्या कौशल्याने जुळविलेले होते, की नुसत्या डोळ्यांना सांधा सहज दिसत नसे. नमुन्याची कुरूपता त्याच्या विरोधात न जाता उलट त्याला अनुकूल ठरली. बनावट वस्तू करणारा ती सुंदर करील, अशी सर्वसामान्य प्रेक्षकाची अपेक्षा असते; त्यामुळे ओंगळ दिसणारी वस्तू त्याला अधिक विश्वासार्ह वाटली.

उगम : जपानमध्ये जलमानवास ‘निंग्यो’ म्हणतात. निंग्योचे मांस खाल्ल्यामुळे शेकडो वर्षे जगलेल्या याओ बिकुनी या भिक्षुणीची कथा तेथे प्रसिद्ध आहे. एदो काळात (१६०३–१८६८) जत्रांतील प्रदर्शनांत निंग्योचे वाळविलेले नमुने दाखविले जात; काही ठिकाणी त्यांना मंदिरात स्थान मिळाले व त्यांची पूजा होऊ लागली. माशाचे शेपूट, कागदाचा लगदा, लाकूड, तार व प्राण्यांची कातडी यांपासून असे नमुने तयार करण्यात तेथील कारागीर निष्णात होते. नागासाकीजवळील देजिमा या बेटावर डच व्यापाऱ्यांची वखार होती. तिच्यामार्फत हे नमुने बटाव्हियास (सध्याचे जाकार्ता) व तेथून यूरोपात पोहोचले. यूरोपीय खलाशांच्या दृष्टीने ती कलावस्तू किंवा पूजावस्तू राहिली नाही, तर एका अज्ञात प्राण्याचा पुरावा बनली. वस्तू तीच राहिली, पण एका समाजातून दुसऱ्या समाजात जाताना तिचा अर्थ बदलला.

यूरोपातही असे प्रकार नवे नव्हते. वागळी वर्गातील माशांना कापून, वळवून व वाळवून त्यांचे ‘ड्रॅगन’ तयार करण्यात येत. स्विस निसर्गवैज्ञानिक कोनराट गेस्नर (१५१६–६५) यांनी १५५८ मध्येच आपल्या मत्स्यविषयक खंडात या लबाडीचे स्वरूप उघड केले होते. हँबर्ग येथे सात डोक्यांचा एक सर्प फार मौल्यवान म्हणून जपून ठेवलेला होता. प्रसिद्ध स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी १७३५ मध्ये तो पाहिला, तेव्हा त्याचे जबडे व पाय मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल या लहान मांसाहारी प्राण्याचे असून अंगावर सापाची कातडी चिकटविलेली आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. या निर्णयामुळे नमुन्याची किंमत नाहीशी झाली व मालकाच्या रोषाच्या भीतीने लिनीअस यांना ते शहर लवकर सोडावे लागले, असे सांगतात.

जलपरीच्या कल्पनेला काही प्रमाणात खऱ्या प्राण्यांचाही आधार मिळाला होता. ड्युगाँग व मॅनेटी हे सायरेनिया गणातील जलचर सस्तन प्राणी असून त्यांच्या मादीचे स्तन छातीवर असतात व ती पाण्याच्या पृष्ठभागावर श्वास घेण्यासाठी येते. दूर अंतरावरून दिसणाऱ्या या प्राण्यांमुळे खलाशांचा गैरसमज झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. १५६० मध्ये श्रीलंकेजवळील मन्नार येथे कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेल्या ‘जलमानवां’चे विच्छेदन गोव्याच्या व्हाइसरॉयचा वैद्य दिमास बॉस्क याने केले, अशी हकिकत जेझुइट इतिहासात येते. मन्नारच्या आखातात ड्युगाँग आढळत असल्याने ते प्राणी ड्युगाँगच असावेत. परंतु ड्युगाँगचे अस्तित्व हा फीजी जलपरीच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही. कारण ड्युगाँगला माशासारखे खवले किंवा कल्ले नसतात.

लंडनमधील प्रदर्शन व परीक्षण : सॅम्युएल बॅरेट ईड्स या अमेरिकन कप्तानाने १८२२ मध्ये बटाव्हिया येथे हा नमुना ५,००० स्पॅनिश डॉलर देऊन विकत घेतला. ही रक्कम उभी करण्यासाठी त्याने आपल्या ताब्यातील ‘पिकरिंग’ हे जहाज मालासह विकून टाकले. त्या जहाजात त्याची स्वतःची मालकी केवळ एक-अष्टमांश होती. उरलेला हिस्सा स्टीव्हन एलरी या व्यापाऱ्याचा होता. परतीच्या प्रवासात केपटाउन येथे जॉन फिलिप या ख्रिस्ती मिशनऱ्याने नमुना पाहिला. जलपऱ्या काल्पनिक असतात हे आपले मत त्यामुळे बदलल्याचे त्याने पत्राने कळविले व ते पत्र इंग्लंडमध्ये छापले गेले. त्यामुळे जहाज बंदराला लागण्यापूर्वीच लंडनमध्ये जलपरीचा बोलबाला झाला.

सप्टेंबर १८२२ मध्ये नमुना लंडनला आल्यावर ईड्सने तो तपासणीसाठी सर एव्हरार्ड होम (१७५६–१८३२) या ख्यातनाम शल्यचिकित्सकांकडे नेण्याचे योजिले. होम यांनी आपले सहकारी व हंटर संग्रहालयाचे अभिरक्षक विल्यम क्लिफ्ट (१७७५–१८४९) यांना परीक्षणासाठी धाडले. क्लिफ्ट यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता. कवटी ओरँगउटान या कपीची, जबडे व दात बॅबून या वानराचे, डोळे कृत्रिम, नखे शिंगाची किंवा पिसाच्या देठाची व शेपूट सॅमनसारख्या मोठ्या माशाचे आहे, असे त्यांना आढळले. निष्कर्ष जाहीर न करण्याचे त्यांनी मान्य केले होते. परंतु होम यांच्यासारख्या तज्ञाने जलपरी खरी ठरविली आहे, अशी जाहिरात ईड्सने सुरू करताच गुप्ततेचे बंधन संपले व खरा निष्कर्ष वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करण्यात आला.

सेंट जेम्स स्ट्रीटवरील टर्फ कॉफीगृहात एक शिलिंग शुल्क आकारून प्रदर्शन सुरू झाले होते. आरंभी रोज तीन-चारशे प्रेक्षक येत. व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँक याने नमुन्याचे चित्र काढले. दरम्यान एलरीने आपल्या जहाजाच्या अनधिकृत विक्रीबद्दल चॅन्सरी न्यायालयात दाद मागितली व नमुना विकण्यास किंवा देशाबाहेर नेण्यास ईड्सला मनाई करण्यात आली. जलपरी खरी की खोटी हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच; ती कोणाच्या पैशाने घेतली गेली, एवढाच प्रश्न होता. जानेवारी १८२३ पर्यंत प्रेक्षक आटले व प्रदर्शन बंद पडले. पुढे बार्नम यांनी दिलेल्या हकिकतीनुसार, ईड्सने उर्वरित आयुष्य जहाजाच्या किमतीची फेड करण्यासाठी नोकरी करण्यात घालविले व मृत्युसमयी त्याच्यापाशी मुलाला देण्यासारखी जलपरी एवढीच मालमत्ता शिल्लक होती. इतरांना फसविल्याचा आरोप ज्याच्यावर झाला, तो स्वतःच सर्वांत आधी व सर्वांत अधिक फसलेला होता.

अमेरिकेतील प्रदर्शन : ईड्सच्या मुलाने नमुना बॉस्टन संग्रहालयाचे मालक मोझेस किमबॉल यांना विकला. १८४२ मध्ये किमबॉल यांनी तो न्यूयॉर्क येथील ‘अमेरिकन म्यूझीयम’ चे मालक फिनिअस टेलर बार्नम (१८१०–९१) यांना दाखविला व आठवड्याला साडेबारा डॉलर या दराने भाड्याने दिला. बार्नम यांनी आधी आपल्या संग्रहालयातील निसर्गवैज्ञानिकाचे मत घेतले. असे दात व हात असलेले माकड किंवा असे पर असलेला मासा आपण पाहिलेला नाही व ही वस्तू कशी बनविली असेल तेही आपल्याला सांगता येत नाही, असे त्याने कबूल केले. मग ती बनावट का मानावी, या प्रश्नावर जलपऱ्या असतात यावर आपला विश्वास नाही, एवढेच कारण त्याने दिले. हा संवाद बार्नम यांनी १८५५ च्या आपल्या आत्मचरित्रात नोंदविला आहे. निसर्गवैज्ञानिकाचा निष्कर्ष बरोबर होता. परंतु तो परीक्षणावर नव्हे, तर पूर्वग्रहावर आधारलेला होता. क्लिफ्ट यांचा निष्कर्ष व हा निष्कर्ष शब्दांनी एकच असला, तरी ज्ञान म्हणून त्यांचे मूल्य सारखे नाही.

बार्नम यांनी प्रसिद्धीची योजना बारकाईने आखली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील निरनिराळ्या शहरांतून ‘डॉ. ग्रिफिन’ नावाच्या इंग्रज निसर्गवैज्ञानिकाच्या जलपरीची वार्ता देणारी पत्रे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांकडे धाडण्यात आली. हे डॉ. ग्रिफिन म्हणजे बार्नम यांचे साहाय्यक लेव्ही लायमन होते. सुंदर जलपऱ्यांची काष्ठठसाचित्रे तीन वृत्तपत्रांना दिली गेली. प्रत्येकाला ती केवळ आपल्यालाच मिळाली असे वाटले व तिन्ही पत्रांनी ती एकाच दिवशी छापली. जलपरीविषयक पुस्तिकेच्या दहा हजार प्रती खपविण्यात आल्या. ऑगस्ट १८४२ मध्ये प्रथम ब्रॉडवेवरील एका सभागृहात व नंतर संग्रहालयात नमुना मांडण्यात आला. बार्नम यांनी दिलेल्या आकड्यांनुसार जलपरीपूर्वीच्या चार आठवड्यांत संग्रहालयाचे उत्पन्न १,२७२ डॉलर होते, ते तिच्या पहिल्या चार आठवड्यांत ३,३४१ डॉलरांवर गेले.

जलपरी खरी आहे असे ठामपणे सांगण्यापेक्षा विद्वानांत तिच्याविषयी मतभेद आहेत, असे दाखविणे बार्नम यांना अधिक किफायतशीर वाटले. निर्णय प्रेक्षकाने स्वतः पाहून करावा, असे आवाहन केल्यामुळे विश्वास ठेवणारा व न ठेवणारा असे दोघेही तिकीट काढीत. मात्र प्रेक्षकाला निर्णयाची मुभा होती, परीक्षणाची नव्हती. काचेपलीकडून पाहून सांधा सापडणे शक्य नव्हते. १८४३ च्या आरंभी चार्ल्सटन येथे नमुना नेला असता धर्मोपदेशक व निसर्गवैज्ञानिक जॉन बाकमन (१७९०–१८७४) यांनी तो उघडउघड बनावट असल्याचे वृत्तपत्रांतून लिहिले. वृत्तपत्रकार रिचर्ड येडन यांनी नमुन्याचा पक्ष घेतला. वाद इतका चिघळला, की बार्नम यांना दौरा आवरता घ्यावा लागला. पुढील आयुष्यात या प्रकरणाविषयी आपल्याला अभिमान वाटत नसल्याचे बार्नम यांनी लिहिले आहे.

१८५९ मध्ये बार्नम यांनी नमुना पुन्हा इंग्लंडला नेला व त्याच वर्षी तो किमबॉल यांच्याकडे परत आला. त्यानंतर त्याचा निश्चित माग लागत नाही. किमबॉल यांच्या वारसांनी १८९७ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयास दिलेल्या वस्तूंत अशी एक जलपरी आहे. परंतु तिचा आकार बराच लहान असून ठेवणही १८२२ व १८४२ च्या चित्रांतील नमुन्याशी जुळत नाही. म्हणून ती मूळ फीजी जलपरी आहे असे मानता येत नाही.

शारीरविषयक विचार : असा प्राणी असू शकत नाही, याची कारणे त्याच्या दिसण्यात नसून रचनेत आहेत. माशाचे शेपूट उभे असते व ते डावीउजवीकडे हलवून मासा पुढे सरकतो. देवमासा, डॉल्फिन, ड्युगाँग यांसारख्या जलचर सस्तन प्राण्यांचे शेपूट आडवे असते व ते वरखाली हलते. हा फरक आकस्मिक नाही. चारपायी सस्तन प्राण्यांच्या पाठीचा कणा धावताना वरखाली वाकतो व त्यांच्यापासून विकसित झालेल्या जलचरांनी तीच हालचाल कायम ठेवली आहे. सस्तन प्राण्याचे धड व माशाचे उभे शेपूट यांचा मिलाफ करणाऱ्या नमुन्यात छातीच्या खालच्या मणक्यांनी एका पद्धतीने व त्यालगतच्या मणक्यांनी दुसऱ्या पद्धतीने वाकणे आवश्यक ठरेल.

श्वसनाबाबतही हीच अडचण येते. माशाचे कल्ले डोक्यामागे असतात. जलपरीच्या नमुन्यात नेमका तोच भाग काढून टाकलेला असतो. फुप्फुसे असल्याचे मानले, तर ती सामावणारा छातीचा पिंजरा व त्याखालील मध्यपटल यांना पुरेशी जागा राहत नाही. केस हे सस्तन प्राण्यांचे, तर हाडासारख्या पदार्थाचे खवले हे माशांचे वैशिष्ट्य आहे. पृष्ठवंशी प्राण्यांच्या या दोन शाखांचे पूर्वज सु. ४० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी विभक्त झाले. शिवाय कोणताही प्राणी एकटा असत नाही. त्याची पिले, निरनिराळ्या वयांच्या व्यक्ती, किनाऱ्यावर वाहून आलेले सांगाडे, जवळच्या जाती व जीवाश्म या सर्वांचा माग कोठेतरी मिळावा लागतो. जलपरीच्या बाबतीत असे काहीही मिळालेले नाही.

आधुनिक तपासणी : क्ष-किरण चित्रण, संगणकीय छेदचित्रण, सूक्ष्मदर्शकाने केलेली केसांची व खवल्यांची पाहणी, किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने केलेले कालमापन इ. पद्धतींमुळे नमुना न कापता किंवा त्याचा अत्यल्प भाग घेऊन त्याची अंतर्रचना समजू शकते. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात १९८२ पासून ‘जपानी वानर-मत्स्य’ या नावाने नोंदलेला एक नमुना आहे. २०११ च्या सुमारास त्याची तपासणी झाली व तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेपूट माशाचे होते. परंतु वरच्या भागात वानराचे एकही हाड आढळले नाही. लाकूड, तार, माती व कागदाचा लगदा यांपासून धड बनविलेले असून जबडा व दातही माशाचेच होते. माकडाचे धड माशाच्या शेपटाला शिवून अशा जलपऱ्या बनवितात, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ सर्वत्र दिले जात होते व संग्रहालयाच्या नोंदीतही तेच उतरले होते. नमुना बनावट आहे हे खरेच होते. पण तो कसा बनविला आहे याविषयीचे प्रचलित उत्तर मात्र कोणीही पडताळून पाहिलेले नव्हते.

जपानमधील ओकायामा प्रांतात असाकुची येथील एंजुइन मंदिरात सु. ३० सेंमी. लांबीची एक जलपरी आहे. तिच्या पेटीतील लेखानुसार ती १७३६–४१ या कालखंडात तोसा प्रांताच्या समुद्रात जाळ्यात सापडली. कुराशिकी विज्ञान व कला विद्यापीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची तपासणी हाती घेतली व वर्षभराने निष्कर्ष जाहीर केले. शरीराच्या वरच्या भागात पाठीचा कणा व बरगड्या नव्हत्या. तो कापड, कागद व कापूस यांनी बनविलेला होता. हात, खांदे, मान व गाल यांवर फुग्या माशाची कातडी लावलेली होती. जबडा एका मांसाहारी माशाचा, डोक्यावरील केस सस्तन प्राण्याचे व शेपूट क्रोकर कुलातील माशाचे होते. कालमापनानुसार नमुना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे लेखात सांगितलेल्या काळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी तयार झालेला ठरला. या निष्कर्षामुळे पेटीतील लेखाची सत्यता संपुष्टात आली. पण वाळलेल्या माशाची कातडी, कागद व कापूस एवढ्या सामग्रीतून इतकी सजीव भासणारी आकृती घडविणाऱ्या अज्ञात कारागिराचे कसब प्रथमच स्पष्ट झाले.

खरे ठरलेले विलक्षण नमुने : अशा लबाड्यांचा एक परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. त्यांच्यामुळे खऱ्या प्राण्यांवरही संशय घेतला गेला. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसची वाळलेली कातडी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोहोचली. बदकासारखी चोच, अंगावर केस व पडद्याचे पाय असलेल्या या नमुन्याचे वर्णन ब्रिटिश संग्रहालयातील जॉर्ज शॉ (१७५१–१८१३) यांनी १७९९ मध्ये केले; तेव्हा चोच चिकटविलेली असावी अशी शंका आपल्याला आली होती, हे त्यांनी नमूद केले. ही कातडी हिंदी महासागरातून येत व पूर्वेकडील कारागिरांच्या जलपऱ्यांनी यूरोपीय शास्त्रज्ञ आधीच सावध झालेले होते, असे कारण शारीरविज्ञ रॉबर्ट नॉक्स (१७९१–१८६२) यांनी पुढे दिले आहे. शॉ यांनी नमुना बारकाईने तपासला. त्यांना सांधा सापडला नाही. १८०२ मध्ये मद्यार्कात परिरक्षित केलेल्या प्लॅटिपसचे विच्छेदन करून त्याच्या अंतर्रचनेचे वर्णन प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ एव्हरार्ड होम हेच होते. ज्यांनी पुढे वीस वर्षांनी जलपरीच्या परीक्षणासाठी क्लिफ्ट यांना धाडले, त्यांनीच प्लॅटिपसचा खरेपणा दृढ केला. दोन्ही प्रकरणांत प्रश्न एकच होता व कसोटीही एकच होती. उत्तरे मात्र विरुद्ध आली. हा सस्तन प्राणी अंडी घालतो, ही त्याच्या दिसण्याहूनही अविश्वसनीय वाटणारी गोष्ट विल्यम हे कॉल्डवेल यांनी १८८४ मध्ये सिद्ध केली.

न्यू गिनीतील नंदनपक्ष्यांच्या बाबतीत याच्या उलट प्रकार घडला. पक्षी अगदी खरा, पण नमुना अपुरा होता. व्यापारासाठी कातडी तयार करताना तेथील लोक पाय काढून टाकीत. त्यामुळे हा पक्षी पाय नसलेला असून आजन्म हवेतच तरंगतो, असा समज यूरोपात रूढ झाला. त्यातील एका जातीचे ‘पाय नसलेला’ या अर्थाचे शास्त्रीय नाव अद्यापि कायम आहे. दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे डिसेंबर १९३८ मध्ये सीलाकँथ हा मासा मिळाला, तेव्हा त्याचा गट सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाल्याचे मानले जात होते. त्याची आतली इंद्रिये टिकविता आली नाहीत व केवळ बाह्य भाग भरून ठेवण्यात आला. तरीही खवले, पर व कवटीची हाडे जीवाश्मांशी तंतोतंत जुळल्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल शंका उरली नाही. दुसरा नमुना १९५२ मध्ये कोमोरो बेटांजवळ मिळाला.

निर्णयाच्या कसोट्या : वरील उदाहरणांवरून स्पष्ट होते, की नमुन्याची विलक्षणता हा त्याच्या खोटेपणाचा पुरावा नाही व त्याचे हुबेहूब रूप हा खरेपणाचा पुरावा नाही. पहिली कसोटी म्हणजे शरीराच्या सर्व भागांची परस्परसुसंगती : हाडे, स्नायू, कातडी, दात व इंद्रिये ही एकाच जीवनपद्धतीस अनुरूप असली पाहिजेत. दुसरी म्हणजे सलगता : जेथे एक प्रकारची त्वचा संपते व दुसरी सुरू होते, तेथे आतील हाडेही अखंड असावी लागतात. तिसरी म्हणजे उगमाची नोंद : नमुना कोणी, कोठे, केव्हा व कोणत्या परिस्थितीत मिळविला हे ठाऊक असावे लागते व ती नोंद नमुन्याच्या प्रत्यक्ष वयाशी जुळावी लागते. चौथी म्हणजे पुनरावृत्ती : त्याच जातीचे इतर नमुने स्वतंत्रपणे मिळावे लागतात. या चारही कसोट्या लावता येण्यासाठी एक पूर्वअट आहे. नमुना मालकाच्या काचेआड न राहता परीक्षकाच्या मेजावर येणे आवश्यक असते. प्लॅटिपसचे नमुने विच्छेदनासाठी खुले होते. बार्नम यांच्या जलपरीचा काचेआडचा मुक्काम हाच तिच्या उत्पन्नाचा आधार होता.

सध्याचे स्थान : अनेक संग्रहालयांनी असे नमुने फेकून न देता ‘कृत्रिम’ असा स्पष्ट उल्लेख करून प्रदर्शनात ठेवले आहेत. प्राणी म्हणून ते खोटे असले, तरी मानवनिर्मित वस्तू म्हणून ते खरे आहेत. जपानी लोकश्रद्धा, डचांचा पूर्वेकडील व्यापार, एकोणिसाव्या शतकातील प्रदर्शनांचा धंदा व शारीरविज्ञानाची वाढ या सर्वांचा इतिहास त्यांच्यात साठविलेला आहे. त्यांची जागा प्राणिविज्ञानाच्या दालनाऐवजी मानवशास्त्राच्या व इतिहासाच्या दालनात असणे उचित होय. ईड्सने जहाज देऊन जे विकत घेतले, ते क्लिफ्ट यांनी थोड्याच वेळात ओळखले. कारण ईड्सने आपण काय पाहत आहोत एवढेच पाहिले, तर क्लिफ्ट यांनी ते कशाचे बनलेले आहे हे पाहिले.